पोनिदी मागच्या सीटवर बसतात

जावातल्या मलांगच्या विमानतळाबाहेर आम्हा टॅक्सीवाल्यांची रांग लागते. विमानं मोजकीच, त्यामुळे गाडीपेक्षा बाकावरच जास्त बसणं होतं. त्या बाकावर एकवीस वर्षं काढलेले साम पोनिदी स्वतः मात्र कधी विमानात चढले नव्हते. साम म्हणजे दादा. ‘मास’ला उलटं करून आम्ही मलांगकर ‘साम’ म्हणतो. शब्द उलटे करायची आम्हाला खोडच आहे.

उतारू गाडीत बसला की ते विचारायचे, “प्रवास कसा झाला?” आणि उत्तर अगदी कान देऊन ऐकायचे. “तुम्ही बसलात कधी?” असं कुणी विचारलंच, तर म्हणायचे, “माझं काम विमान उतरल्यावर सुरू होतं.”

गेल्या जूनमध्ये त्यांच्या लेकीला, वेनिंगला, जकार्त्यात मुलगी झाली. नवरा-बायको रेल्वेनं गेले. बायको, यातुन, बाळंतिणीपाशी राहिली. पोनिदी एकटे परतणार होते, तर वेनिंगनं त्यांना न विचारताच विमानाचं तिकीट काढलं. वर म्हणाली, “नाही म्हणालात, तर नातीला सांगेन तुझे आजोबा भित्रे आहेत म्हणून.”

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी रांगेत माझा पहिला नंबर होता. उतारू बाहेर येऊ लागले. त्यांत इस्त्रीचा बाटिक शर्ट घातलेला एक माणूस, दोरीनं बांधलेला खोका छातीशी धरून, भिंतीच्या कडेकडेनं सटकत होता.

“अरे, हे तर आपले साम!” बाकावरून कुणीतरी ओरडलं.

मग काय विचारता! दहाजणांनी त्यांना घेरलं. “टॅक्सी हवी का, साहेब?” “मलांगला पहिल्यांदाच का?” “प्रवास कसा झाला, साहेब?”

“गप बसा रे गाढवांनो,” पोनिदी म्हणाले, पण चेहरा फुलला होता. “कानाला दडे बसलेत, काही ऐकू येत नाहीये मला.”

ते पुढच्या सडकेवरून शेअर गाडी पकडणार होते. मी खोका हिसकावून डिकीत टाकला. ते सवयीनं पुढचं दार उघडायला लागले, तसा मी त्यांचा हात धरला. “उतारू मागे बसतात.”

बसले बापडे. गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत फोटो काढतात तसे ताठ. मी प्रत्येक वळणावर आरशात पाहत होतो. त्यांचा उजवा पाय माझ्या सीटमागे नसलेला ब्रेक दाबत होता.

“विमानात काय केलंत, साम?”

“डोळे मिटून घेतले. मग शेजारची पोरगी म्हणाली, आजोबा, तो बघा सेमेरू डोंगर. पाहिलं, तर ढगांच्या वर निवांत बसलेला, धूर सोडत. आपण त्याला खालून बघतो ना, तेव्हा तो एवढा एकटा वाटत नाही.” जरा वेळानं म्हणाले, “घरी सोड.”

“घरी कोण आहे? चूल थंड. जेवायला कुठं नेऊ?”

ते ओशाळून हसले. “कायुतांगनला बू मुर्याच्या खानावळीत ने. एकवीस वर्षं लोकांना तिथं पाठवतोय. एकदाही जेवलो नाही.”

मी गाडी थांबवायचीच बाकी राहिली होती. “अहो, तुम्ही तर सांगता, तिथल्यासारखा रावोनचा रस्सा अख्ख्या जावात नाही!”

“एका उतारूनं मला सांगितलं, मी पुढच्याला. खोटं नव्हतं ते, ऐकीव होतं. माझा डबा असायचा ना यातुनचा.”

खानावळीत चारच टेबलं. बू मुर्या, म्हणजे मुर्याआई, सत्तरीची, गल्ल्यापाशी वाटाणे सोलत बसलेली. मला राहवेना, मी सांगून टाकलं की विमानतळावरून लोकांना पाठवणारा टॅक्सीवाला तो हाच.

तिनं चष्मा कपाळावर चढवला. “‘घाई करू नका, रस्सा आधी नुसता प्या’ असं सांगणारा?”

“हो, मीच,” पोनिदी पुटपुटले.

“मला वाटायचं, कुणीतरी माझी चेष्टा करतंय. अनोळखी माणसं येतात आणि सगळी नुसता रस्सा पितात!” ती उठली, स्वतः वाटी भरून घेऊन आली. काळा रस्सा, मऊ मांस, वर मोड, बाजूला खारवलेलं अंडं. समोर बसली. “आता तूही तसंच कर.”

पोनिदींनी दोन्ही हातांनी वाटी उचलली. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग वाटी खाली न ठेवताच तिसरा.

“काय रे? तोंडातून शब्द काढशील का?”

“बू,” ते म्हणाले, “मी लोकांना कमीच सांगत होतो.”

म्हातारी तोंडावर हात धरून हसली आणि भात आणायला आत गेली.

निघताना तिनं केळीच्या पानात सोयाबीनचं तळलेलं तेंपे बांधून दिलं. ते मांडीवर घेऊन पोनिदी मागे बसले आणि नातीचं नाक कुणावर गेलंय ते सांगू लागले. इजेन रस्त्यावरच्या ताडांपाशी आलो, तर मागून आवाज येईना. पाहिलं, तर गाढ झोप लागलेली, मान एका बाजूला कलंडलेली, पाय सैल सोडलेले. घर पाच मिनिटांवर होतं. मी वेग कमी केला आणि चौकातून घराकडे उजवीकडे वळायच्या ऐवजी सरळ, लांबच्या वाटेनं निघालो.