योगीराजांचं फिरणं

निपाणीचे योगीराज बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होते, आणि त्यांच्या हाताला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. स्नायूचा कण वाटायचा, त्यात रसायनं मिसळायची आणि पिवळा रंग किती वेगानं चढतो ते यंत्रावर बघायचं. हा रंग चढतो सिट्रेट सिंथेज नावाच्या एन्झाइममुळे. ते राहतं मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशींच्या वीजघरांत. रंग भराभर चढला तर वीजघरं भरपूर. माणूस चालता-फिरता असला की ती वाढतात, बसून राहिला की घटतात.

वाढत्या वयाच्या अभ्यासासाठी संस्थेला माणसं हवी होती, तेव्हा स्नायूचा कण काढून द्यायला योगीराजांनी स्वतःची मांडी पुढे केली. पाच वर्षांपूर्वी एकदा, यंदा पुन्हा. नळीवर नुसता क्रमांक होता, पण आपला क्रमांक त्यांना पाठ होता.

यंदा रंग चढेचना. त्यांनी ताजं द्रावण केलं, पुन्हा लावलं. तेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपला हात चुकलेला असू दे. तिसऱ्यांदाही आकडा हलला नाही. मागच्या वेळेपेक्षा पुष्कळच खाली होता.

पुण्याहून आलेली तरुण संशोधक शलाका आकडा बघून म्हणाली, "काका, हा माणूस घराबाहेर पडतच नाही वाटतं."

"सरी," असं कानडीत, 'बरं' अशा अर्थी, म्हणत योगीराज नळ्या धुवायला गेले.

तिचं खरं होतं. बायको, कल्पना, होती तोवर दोघं रोज तळ्याला फेरी मारत. ती गेली आणि सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमधली खुर्ची तेवढी उरली. मुलीला, कावेरीला, मात्र ते फोनवर रोज सांगत, फिरून आलो. थापाही साध्यासुध्या नव्हेत. तळ्यावर भेटणाऱ्या रघुपती नावाच्या गृहस्थांना त्यांनी कुत्रासुद्धा पाळून दिला होता.

आकडा कावेरीला कळायचं काही कारण नव्हतं. पण तीनदा तपासलेला आकडा तोंडानं खोटा पाडणं योगीराजांच्या जिवावर आलं.

संध्याकाळी फोन आला. "अण्णा, फिरून आलात?"

"नाही. आई गेल्यापासून एकदाही गेलो नाही."

ती म्हणाली, "आणि ते रघुपती?"

"असं कुणी नाही."

"रोज खोटं कशाला सांगितलंत? रागावले असते म्हणून?"

"रागावून फोन ठेवला असतास," योगीराज म्हणाले. "फिरून आलो म्हटलं की विचारायचीस, कुठवर गेलात, कोण भेटलं. तेवढा वेळ बोलायचीस गं."