मागच्या काचेवरची जांभळी रेघ

आनंदराज काकांकडं सध्या तीनच वाक्यं शिल्लक आहेत. "हाव." "ठेव तिथं." "बघू." दिवसभर तीच फिरवून फिरवून वापरतात. परवा एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "काका, टाकी गळून राहिली ना हो, सोफा भिजला!" काका म्हणाले, "ठेव तिथं." आता चार फुटी टाकी, आत पाणी, पाण्यात मासे. तो बिचारा ती आणखी कुठं ठेवणार? बराच वेळ फोनमधून नुसता सोफ्यावरच्या ठिबकण्याचा आवाज आला म्हणे. मग काका म्हणाले, "बघू," आणि फोन ठेवला.

आधी असे नव्हते. काका मूळचे काचवाले. मुदखेडला खिडक्यांच्या काचा कापायचे, मग नांदेडला येऊन माशांच्या टाक्या बनवायला लागले. काच कापताना तोंड चालूच असायचं. टाकी नेणाऱ्याला तर अर्धा तास सूचना: "हे बघा, नवं काही आणलं की आधी खाली सावलीत ठेवायचं. मग आठवड्याला एक वीत वर. घाई केली की मेलं म्हणून समजा. मग म्हणू नका, गजभारेनं सांगितलं न्हाई." गिऱ्हाईक हो हो म्हणत दाराकडं सरकायचं आणि काका त्याच्या मागं मागं रस्त्यापर्यंत बोलत जायचे.

घरातली समुद्राची टाकी आली ती लातूरच्या एका शिकवणीवाल्या सरांमुळं. त्यांना क्लासच्या दारात खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची टाकी हवी होती. "गजभारे, मुलांचा ताण हलका झाला पाहिजे!" टाकी तयार झाली आणि सरांचा फोन आला, "गजभारे, दुसऱ्या क्लासवाल्यानं लावली ना हो तसली. मुलं ताण हलका करत दारातच बसतात, आत कुणी येईना. राहू द्या." काका टाकीभोवती येरझाऱ्या घालून राहिले. महामाया काकू तहसील कार्यालयातून घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "बनवलीच आहे तर भरू की."

काकू मुदखेडला लिपिक होती, रोज रेल्वेनं जायची-यायची. समुद्र तिनं एकदाच, ऑफिसच्या सहलीत पाहिला, तोही सगळ्यांच्या चपला सांभाळत. पण टाकी तिनंच सांभाळली. मशीनचं शुद्ध पाणी, त्यात पुड्यातलं मीठ, ते मोजायची नळी. आत दोन मासे, दगडांचा ढीग आणि ढिगावर एक हिरवं प्रवाळ. रोज दिवा लागला की ते शंभर बारीक पाकळ्यांनी उघडायचं. काकू त्याला शेवंती म्हणायची. काकांनी त्याचं खरं नाव दहादा सांगितलं. काकू म्हणायची, "हो, तेच. शेवंती."

मागच्या फेब्रुवारीत काकू गेली. पाच दिवसांचा ताप. काका रडले नाहीत, भांडले नाहीत, जेवायला बसवलं तर जेवले. पाणी बदलायचा वार आला की पाणी बदलत राहिले. शेवंती उघडत राहिली.

यंदा जानेवारीत दगडांचा ढीग कोसळला. दोन माशांपैकी एक जन्माचा वाळू उकरणारा. त्यानं ढिगाखालची वाळू उपसून उपसून पाया पोकळ केला. शेवंती खाली कपारीत गेली आणि मिटली. वर काढून वाळूवर ठेवली तर हा पठ्ठ्या सकाळपर्यंत तिला गाडून टाकायचा. त्याला बाहेर काढावं, असं मी म्हटलं तर काका म्हणाले, "तो बी तिनंच आणलेला." वर्षभरातलं हे त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

उपाय काकांना ठाऊक होता, लोकांकडं पन्नास वेळा केलेला: दगड जमिनीवर ठेवायचेच नाहीत, मागच्या काचेवर फळीसारखे बसवायचे. दगड काचेला नीट धरत नाही, म्हणून काकांची पद्धत काचवाल्याची. काचेचेच दोन कोन करायचे, ते सिलिकॉननं मागच्या काचेला चिकटवायचे आणि त्यांच्यावर चपटा दगड. काचेला काच धरते, ती सोडत नाही. फक्त मागची काच कोरडी आणि स्वच्छ हवी.

आम्ही बौद्ध, वर्षश्राद्ध करत नाही, पुण्यानुमोदन करतो. त्यासाठी नागुआत्या, काकांची थोरली बहीण, हदगावहून दहा दिवस आधीच आली. पिशवीत हरभऱ्याची भाजी आणि तोंडात प्रश्न.

"आनंदा, भंतेजी कुठं बसतील रं? ह्या हौदानं अर्धी खोली खाल्ली."

"बघू."

"आन हे काय टांगून राहिलास काचेला?"

"ठेव तिथं."

"आरं मी कुठं काय उचललं! विचारून राहिले फक्त!"

काकांनी वीतभर पाणी उतरवून फळी लावली होती, अगदी वर, दिव्याच्या खाली. दोन दिवसांनी पाणी भरून शेवंती तिथं ठेवली. तिसऱ्या दिवशी ती एका बाजूनं पांढरी पडायला लागली. काका समोर खुर्ची टाकून बसले. बघत होते, पण बस येईल तेव्हा येईल म्हणून स्टँडवर बसल्यासारखे.

नागुआत्या भाजी निवडत म्हणाली, "मिरचीचं रोप सावलीतून काढून एकदम उन्हात लावतंय का कुणी? करपणारच की. मला न्हाई कळत तुमचं खारं पाणी, पर एवढं कळतंय."

हेच तर काका प्रत्येकाला रस्त्यापर्यंत जाऊन सांगायचे.

"मग खाली घे की जरा. मधी लाव."

"मधी न्हाई लावता येत."

"का बरं?"

काकांनी बोट दाखवलं. मागची काच वरून अर्ध्यापर्यंत लख्ख होती. तिथून खाली जांभळं खरखरीत कवच चढलेलं, जुन्या माठाला क्षार धरतात तसं. मधोमध जराशी वाकडी, आडवी रेघ. आम्ही घरातले ती वर्षभर बघत होतो आणि तशीच असते म्हणून सोडून देत होतो.

"घासलं न्हाई व्हय खालचं?" आत्या म्हणाली.

"ती घासायची. रविवारी, स्टुलावर चढून." काका सावकाश म्हणाले. "बुटकी होती. तिचा हात तिथवरच पोचायचा."

आत्याच्या हातातली जुडी तशीच राहिली. वर्षभर काका समोरची काच पुसत होते, बाजूच्या पुसत होते. मागच्या काचेवरच्या त्या रेघेला मात्र हात लावला नव्हता, वरच्या भागावर आलेलं हिरवं शेवाळ तेवढं कापडानं हलकं निपटत होते. फळी मधे लावायची तर त्या रेघेवरच लावावी लागणार. कवचावर सिलिकॉन धरत नाही. पातं घेऊन ते खरवडून काढायचं, तेही या टोकापासून त्या टोकापर्यंत, कारण शेवंतीसाठी आणि दगडांसाठी अशा दोन फळ्या लागणार होत्या.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. शेवंतीचा पांढरा भाग अर्ध्यावर आला. आत्यानं एकदाही भंतेजींच्या जागेचं नाव काढलं नाही. फक्त जाता-येता टाकीत डोकवायची आणि पुटपुटायची, "आजून हिरवी हाय थोडी. थोडी हाय."

शनिवारी दुपारी जेवण झालं. काकांनी हात धुतले, दोन निळी टिपाडं आणून ठेवली, टाकीत नळी सोडली. अर्ध्याहून जास्त पाणी उतरलं. शेवंती बादलीत, हवेची नळी लावून. मासे खाली उरलेल्या पाण्यात. मग त्यांनी पात्याचा कागद काढला आणि स्टुलावर न चढता, जमिनीवर उभं राहूनच हात आत घातला. काका उंच आहेत.

आवाज व्हायचा खर्र, खर्र. जांभळे पापुद्रे पाण्यात पडायचे आणि तो वाळूवाला मासा प्रत्येकाकडं धावून यायचा, तोंडात घ्यायचा, थुंकायचा. मी म्हटलं, "काका, फोटो काढून ठेवू का आधी?" काका म्हणाले, "कशाचा?" आणि खरंच, अर्धी रेघ तोवर गेली होती. मी फोन खिशात ठेवला.

पाऊण तास लागला. काचेवर स्पिरिटचा बोळा फिरवला, कोन लावले, चिकटपट्टीनं बांधले. खोलीभर सिलिकॉनचा शिरक्यासारखा आंबट वास. काकांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आत्यानं चहा आणला, तो त्यांनी उभ्यानं प्यायला आणि विचारलं, "साखर संपली का?" संपली नव्हती. चहात भरपूर साखर होती.

दोन दिवसांनी पाणी भरलं. शेवंती मधल्या फळीवर. पहिल्या दिवशी मिटलेलीच. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही मिटलेली. भंतेजी टाकीच्या बाजूलाच बसले, मागं पंप गुणगुणत होता, आम्ही सगळे हात जोडून. नातेवाईक खीर खाऊन गेले. गर्दीनं मासे दगडांआड लपलेले; एक पाहुणा जाताना म्हणाला, "टाकी छान हाय, रिकामी का ठेवली पर?"

आत्याची बस दुसऱ्या दिवशी दहाची होती. पिशवी दारात, चपला पायात. दिवा नऊला लागला. साडेनऊला आत्या टाकीसमोर, पावणेदहालाही टाकीसमोर. दहा वाजून गेल्यावर स्वयंपाकघरापर्यंत ओरडली, "आनंदा! आरं इकडं ये! उघडून राहिली बघ!"

काका ओल्या हातांनी आले. खाली वाकून बघितलं. करपलेली बाजू तशीच पांढरी, चिमटलेली. दुसऱ्या बाजूच्या पाकळ्या बाहेर आल्या होत्या, वीस-पंचवीस असतील, पाण्याबरोबर हलत होत्या.

"अर्धीच हाय," काका म्हणाले.

"अर्धी तर अर्धी. जित्ती हाय ना?"

"हाव."

ते तसेच वाकून राहिले. कंबर दुखत असणार, तरी सरळ झाले नाहीत. मग म्हणाले, "ती बाजू न्हाई यायची आता. मीच वर लावली. मला ठाऊक होतं." आवाज पहिल्यासारखाच, सपाट. पण एका दमात तीन वाक्यं.

आत्यानं चपला काढल्या आणि पिशवी आत नेली.