रोमन नाण्यांचा कष्टाळू चोर

ते प्रकरण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन हजार सालानंतरची पहिलीच वर्षे. मी न्यूझीलंडच्या पोलीस खात्यात, जॉन्सनव्हिलला डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. एका निवृत्त गोऱ्या शिक्षकांनी माझ्या टेबलावर ट्रे ठेवला. त्यात नखाएवढी रोमन नाणी, ब्राँझची, लखलखीत.

"ही माझी नाहीत," ते म्हणाले. "माझी हिरवी होती. मी महिनाभर बाहेरगावी होतो, तेवढ्यात कोणीतरी बदलली."

शेकडो वर्षांत चढलेला तो हिरवा थर म्हणजेच संग्राहकाचा जीव. मी जुने फोटो शेजारी ठेवून पाहिले. कडांचे टवकेसुद्धा जिथल्या तिथे! खोटी नाणी करताना एवढे कष्ट घेणारा चोर मला उभ्या नोकरीत भेटला नव्हता. गंमत वाटली, पण तिथेच थांबून विचार करायला हवा होता, तो केला नाही.

कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने, म्हणजे तिथल्या किराणा दुकानदाराने खबर दिली, की मास्तरांच्या समोरच्या घरातला तरुण त्या महिन्यात रोज सकाळी त्यांचे दार उघडत होता. तो पुण्याचा, आयटीतला. ठाण्यात आल्यावर तो मराठीत बोलू लागला, तसा मी त्याला अडवले. जबाब इंग्रजीतच. माझ्या मराठी आडनावाचा फायदा कोणाला द्यायचा नाही, असा माझा खाक्या होता.

"किल्ली त्यांनीच दिली होती. त्यांच्या कुंड्यांना आई पाणी घालायची. मी फक्त लॉक उघडून द्यायचो. सर, प्लीज, माझा रेसिडेन्सीचा अर्ज अडकेल," म्हणत तो रडकुंडीला आला. तरी मी त्याला तासभर फैलावर घेतले.

दुसऱ्या दिवशी वॉरंट घेऊन झडतीला गेलो. ऑफिसचे लोक आलेत, असे त्याने आईला सांगितले होते. त्या चहा घेऊन आल्या. मी सवयीने बोलून गेलो, "राहू द्या आजी."

"अगंबाई, मराठी का तुम्ही! मग समोरच्या मास्तरांना जरा विचाराल? त्यांची नाणी किती कळकट झाली होती हो. वर मुखवटे होते, देवच असतील त्यांचे. चिंच-मीठ लावून दोन दिवस घासली. आवडली का त्यांना? मला मेलं इंग्रजी येत नाही, विचारणार कशी?"



मी आजींना समोर मास्तरांकडे घेऊन गेलो आणि दुभाषा झालो. "तो थर आता परत येणार नाही," एवढेच मास्तर म्हणाले.

"काय म्हणतात?" आजींनी विचारले.

"फार मेहनत घेतलीत, म्हणतात."

मास्तरांना मराठी कळत नव्हते, पण आजींचा खुललेला चेहरा त्यांनी पाहिला. त्यांनी मान डोलावली आणि तक्रार मागे घेतली.

फाईल बंद करताना माझीच टिपणवही चाळली. आजींच्या नावापुढे मी मुलाचा जबाब घेतानाच लिहिले होते, 'इंग्रजी येत नाही. चौकशीची गरज नाही.' साक्षीदार गप्प असतो, तेव्हा त्याला विचारले तरी आहे का, हे आधी पाहावे, एवढे मी त्या दिवशी शिकलो. आमच्या ठाण्यात आजींशी मराठीत बोलू शकणारा एकच पोलीस होता, आणि तो मी होतो. याची मला आजही लाज वाटते.