बाद केलेल्या पुस्तकातली आई

सांगलीत विश्रामबागेच्या आमच्या वाचनालयात जागा कायमच अपुरी. स्पर्धा परीक्षांची मुलं जिन्यात बसून वाचायची. म्हणून समितीनं ठरवलं, मागच्या खोलीतली जुनी पुस्तकं बाद करायची आणि तिथं अभ्यासिका करायची. ग्रंथपाल मी, त्यामुळं यादी माझ्याकडंच आली.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. कुणी पुस्तक घरी नेलं की तिच्यावर शिक्का पडतो. ज्या चिठ्ठीवर बऱ्याच वर्षांत शिक्का नाही, ते पुस्तक मी खाली काढत गेले. कसर लागलेली, पानं गळालेली तर निघालीच, पण धडधाकटही पुष्कळ निघाली. समितीनं सह्या केल्या आणि टेम्पो भरून रद्दी गेली. खोली मोकळी झाली तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी एक म्हातारे गृहस्थ आले. चेहरा ओळखीचा होता. कवठे महांकाळकडून दोन-तीन महिन्यांतून एकदा दवाखान्यात दाखवायला यायचे आणि परतीच्या एसटीआधी मागच्या खोलीत घटकाभर बसायचे. मला वाटायचं, पंख्याखाली टेकायला येतात.

"बाई, हितलं पुस्तक कुटं ठेवलंसा?"

"कुठलं, मामा?"

"मेंढक्यांचं. तांबड्या पुठ्ठ्याचं. आत फोटू हाईत बघा."

मला लगेच आठवलं. त्याची चिठ्ठी पूर्ण कोरी होती.

"ते बाद केलं, मामा. कुणी नेतच नव्हतं."

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "मी कसं न्हेनार? मी हितला मेंबर न्हाई. हितंच बसून बघायचो. त्यात आमची आई हाय."

मग त्यांनी सांगितलं. ते सहा-सात वर्षांचे असताना त्यांच्या मेंढरांच्या तळावर कुणी अभ्यास करणारा माणूस येऊन फोटो काढून गेला होता. त्यानंतर दोन वर्षांत आई वारली. घरात तिचा दुसरा फोटो नव्हता. पुस्तकात ती आहे हे त्यांना फार उशिरा, गावातल्या एका गुरुजींकडून कळलं. "धाकटी भन हाय माझी. तिला आईचं तोंडच आठवत न्हाई. तिला घिऊन येतो म्हनत म्हनत ऱ्हाऊन गेलं."

ते रागावले असते तर मी काहीतरी नियम तरी सांगितला असता. ते फक्त उठले, दवाखान्याची फाईल काखेत धरली आणि एसटी गाठायला गेले.

मी तशीच रद्दीच्या दुकानात गेले. कागद रद्दी आली त्याच आठवड्यात मिलला गेला होता. कोपऱ्यात फाडून काढलेल्या पुठ्ठ्यांचा ढीग होता. त्यात तो तांबडा पुठ्ठा सापडला, आमच्या वाचनालयाचं लेबल तसंच. आत काहीच नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी ओळखीच्या वाचनालयांना फोन करत होते. पलूसला नव्हतं. साताऱ्याच्या एका वाचनालयात नोंद सापडली, पण "येऊन बघा" म्हणाले. गेले, तर कपाटात त्याची जागा रिकामी. शिपाई मला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेला. तिथं सुतळीनं बांधलेले गठ्ठे रचलेले होते, वर यादी खोचलेली. अगदी माझ्यासारखीच यादी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या समितीची बैठक होती.

पुस्तक तिसऱ्या गठ्ठ्यात होतं. फोटोचं पान शाबूत होतं. मी तिथंच पायरीवर बसले.

तिथल्या ग्रंथपाल बाईंना सगळं सांगितलं. त्या गठ्ठ्यांपाशी गेल्या. मग शिपायाला म्हणाल्या, "सगळे गठ्ठे सोडा. इथं बसून कोण काय वाचतं, ते आधी विचारून घेते." रीतसर पत्र करून त्यांनी पुस्तक आम्हाला दिलं.

दवाखान्यात चौकशी करून मी मामांना निरोप पाठवला. पुढच्या खेपेला ते बहिणीला घेऊन आले. साठी ओलांडलेली बाई. फोटोत पंचविशीही न गाठलेली एक बाई, कडेवर कोकरू, पाठीला लुगड्याच्या झोळीत तान्हं मूल. बहिणीनं पुस्तक लांब धरून पाहिलं.

"ही आई?"

"व्हय."

"लय ल्हान हाय की, दादा. आपल्या नातीएवढी." मग तिनं विचारलं, "आन् पाटीवरचं प्वार कुनाचं?"

"तूच की गं."

ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मी खरंखोटं सांगणार होते. वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली, तरी मी त्यांना उठवलं नाही.

आता बसून वाचलेलं पुस्तक टेबलावरच ठेवा, अशी पाटी मी लावली आहे. चिठ्ठीवर मी पेन्सिलीनं खूण करते आणि मगच ते कपाटात ठेवते. पण त्या टेम्पोत आणखी कितीतरी पुस्तकं होती. त्यांच्यासाठी कुणी आलंच नाही, की कुणी येऊन, बदललेली खोली बघून, न विचारताच परत गेलं, हे कळायला मला काही मार्ग नाही.