पोटावरची बाटली

विला पाता या डोंगरावरच्या गावात हिवाळा असा, की अंगणात पसरलेले बटाटे सकाळपर्यंत दगड होतात. तेच वाळवून गाव वर्षभर खातं. अशा गावात फोर्तुनाता कोंदोरी अकरा वर्षं विहिरींचं पाणी तपासते आहे, आणि तिने आजवर कुणाची भीड धरलेली नाही.

आरोग्य केंद्रातून तिला औषध घातलेल्या लहान बाटल्या मिळतात. बाटलीत पाणी भरायचं, दोन दिवस उबेत ठेवायचं. पाणी काळं पडलं, तर समजायचं विहिरीत शेणामुताची घाण उतरली. पण त्या डोंगरावर ऊब आणायची कुठून? फोर्तुनाता बाटली कंबरपट्ट्यात पोटाशी खोचते आणि तशीच मेंढ्यांमागे फिरते.

"कितवा महिना गं?" बायका विचारतात.

"पाणी आहे. तुमच्या नवऱ्यांपेक्षा खरं बोलतं."

मग शाळेची विहीर झाली. ती खणली तिच्याच नवऱ्याने, तेओदोसिओने. बारा मीटर, गोठलेल्या जमिनीत, स्वतःच्या हातांनी. तालुक्याहून साहेब आले, पाण्याची बाटली शाळेच्या खिडकीत ठेवून गेले. तिसऱ्या दिवशी ती नितळ निघाली. रविवारी सभा भरवून पोरांना पाणी सुरू करायचं ठरलं.

फोर्तुनाताच्या पोटावरची, त्याच विहिरीच्या पाण्याची बाटली मात्र शाईसारखी काळी झाली होती.

"आजच्या दिवस गप्प बस," सकाळी तेओदोसिओ म्हणाला. "साहेबांनी सही केलीय."

"पोटं पोरांची बिघडणार. साहेबांची नाही."

सभेत ती उठलीच. "साहेब, तुम्ही बाटली ठेवली त्या खिडकीत बटाटे गोठतात. तिथे पीठ तरी आंबेल का? मग घाण कशी कळणार?"

सभा हसली. साहेबांनी मान खाली घालून सही खोडली. तेओदोसिओ उठून निघून गेला, आणि फोर्तुनाताला भर सभेत रडू आलं.

 पण पुढचे आठ दिवस तो रोज फावडं घेऊन जायचा. ज्यातून घाण झिरपत होती तो विहिरीशेजारचा लामा जनावरांचा गोठा त्याने एकट्याने पार खालच्या उतारावर हलवला, काठ उंच बांधला, पाण्यात क्लोरीन टाकून विहीर उपसली. पुढे आठवडाभराने क्लोरीनचा वास गेला, तेव्हा तो तिच्यापुढे उभा राहिला.

"बाटली दे."

"मी ठेवते ना."

"विहीर मी खणलीय. पोटावर मीच बाळगणार."

दोन दिवस तो अंगावर पांघरलेल्या पोंचोखाली हात धरून जपून चालत होता. "तेओदोसिओ, दिवस भरत आले का?" अख्खं गाव विचारत होतं. 

पुन्हा सभा भरली. त्याने बाटली काढून उन्हात धरली. पाणी नितळ होतं. साहेबांनी हात पुढे केला, पण तेओदोसिओने बाटली बायकोच्या हातात दिली.

"हिने सांगितलं तरच पोरं पितील," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

अकरा वर्षं गावाला सुनावणाऱ्या फोर्तुनाताने बाटली पुन्हा उन्हात धरून निरखली आणि होकाराची मान हलवली.  तिने विहिरीच्या पाण्याचा पहिला पेला भरला, अर्धा स्वतः प्यायली आणि उरलेला नवऱ्याला दिला.