अकरा कबरी आणि आईची

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि आमच्या चर्चमधली मराठी माणसं वर्षभरात बघता बघता नाहीशी झाली. बहुतेक सगळे सरकारी नोकर, ज्याला त्याला औरंगाबादच्या बाजूला नेमणुकीचा हुकूम. जाताना त्यांनी पितळी हंडे नेले, खाटा नेल्या, एका बाईंनी तर कढीपत्त्याचं रोपसुद्धा मुळासकट उपटून नेलं. मागे ठेवली ती फक्त आपली मेलेली माणसं, आणि ती आमच्या गळ्यात घातली.

नाताळाच्या आधी घरच्यांनी आपल्या हातांनी कबरीला चुना लावायचा, अशी आमच्यात रीत. मजूर लावलेला चालत नसे. त्यामुळे जाणारं प्रत्येक घर बरकतपुऱ्यात आमच्याकडे यायचं, आजारी आईच्या खाटेशी बसायचं आणि म्हणायचं, "आमच्या सासूबाईंकडे लक्ष ठेवा हं." "आमच्या बाळाला विसरू नका." आई सगळ्यांना हो म्हणाली. तिला नाही म्हणताच यायचं नाही, याचा मला अजून राग येतो. तिच्या दुखण्यापायीच बाबांनी स्वतःची बदली लांबवली होती. अशा अकरा कबरी जमल्या. मग पावसाळ्यात आई गेली आणि बारावी तिची झाली.

पाळकसाहेब म्हणाले, देव आपल्या लाडक्यांना लवकर बोलावतो. मी चौदा वर्षांची होते. मनात आलं, मग औरंगाबादला निघालेले तुम्ही सगळे त्याचे नावडते की काय? पुढच्याच महिन्यात पाळकसाहेबही सामान बांधून तिकडेच गेले.

नाताळाच्या तोंडावर बाबांच्या हातात हुकूम पडला, जानेवारीत हजर व्हा. मला एकच प्रश्न खात होता. आम्ही गेल्यावर आईला चुना कोण लावणार? बाबांना विचारलं.

"देव बघेल," ते म्हणाले.

"बघतोयच की. वर्षभर नुसता बघतच बसलाय."

बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

अफझलगंजच्या बाजारातून आणलेला चुना भिजवला, त्यात थोडी नीळ घातली आणि नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी बादली घेऊन आम्ही दफनभूमीत गेलो. मी आईच्या कबरीला दोन हात दिले आणि कुंचा फेकून दिला. "बाकीच्यांचं मी करणार नाही. ज्यांची आहेत त्यांनी यावं आणि करावं!" बाबांनी कुंचा उचलला आणि पार टोकाच्या कबरीपासून सुरुवात केली. सहा कबरी झाल्या आणि बादली संपली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढच्या रांगेत एक तेलुगू बाई एका एवढ्याशा कबरीला चुना लावत होती. तोंडओळख तेवढी होती. आमची उपासना संपली की त्याच बाकांवर त्यांची तेलुगू उपासना व्हायची, आणि आम्ही वेळेवर उठत नाही म्हणून ती नेहमी कुरकुरायची. आता ती आपली बादली घेऊन आली आणि सातव्या कबरीपाशी बसली.

"चुना बचा है. काहेकू फेंकना?"

"वो हमारे लोगां नै!" मी ओरडले. "उनों सब छोड के चले गए!"

तिने मान वर केली नाही. "देवुडु पे गुस्सा है ना? करो. मेरा बच्चा गया तो मैं तीन साल करी. सब छोड के गए. देवुडु नै गया."

मला रडू फुटलं आणि रडू फुटल्याचाही राग आला. पण त्याच रागात मी कुंचा घेतला आणि तिच्या बादलीत बुडवला. अकराच्या अकरा झाल्या. निघताना तिने आईच्या कबरीकडे बोट केलं. "किसकी?" मी सांगितलं. तिने मान हलवली, बस. वचनबिचन काही दिलं नाही.

एकोणीस वर्षांनी, डिसेंबरातच, हैदराबादला जायचा योग आला. मधल्या वर्षांत माझं देवाशी भांडण चालूच होतं, पण ते घरच्या माणसाशी असतं तसं. दफनभूमीत शिरताना गवत, पडझड, सगळं गृहीत धरून शिव्यांची तयारी ठेवली होती. आईची कबर पांढरी होती. चुना गेल्या नाताळचा असावा, पावसाने पिवळटलेला, पण थरावर थर इतके चढले होते की कोरलेलं नाव बुजून गेलं होतं. मी नखाने खरवडायला घेतलं. पहिलं अक्षर दिसलं आणि हात थांबला.

पुढच्या रांगेत त्या एवढ्याशा कबरीला लागून एक मोठी कबर होती. नवी. तिला चुन्याचा एक हातसुद्धा लागलेला नव्हता. वरचं नाव तेलुगूत होतं, मला वाचता आलं नाही.

मी रिक्षा केली, अफझलगंजला गेले आणि चुना घेऊन आले.