टायपिस्ट बाईचं व्याख्यान

हातकणंगल्याच्या एका कचेरीत मी तीस वर्षं टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरातल्या एका फिल्म सोसायटीची सभासद झाले. तिथे एका रविवारी सिनेमाच्या सुरुवातीच्या दिवसांवर व्याख्यान होतं. वक्ते निवृत्त प्राध्यापक. दीड तास ते फ्रान्समधल्या पुरुषांवरच बोलले. शेवटी मी उठून विचारलं, त्याच काळात पॅरिसला एक बाई गोष्टींचे सिनेमे काढत होती, तिचं काय?

प्राध्यापक हसले. "ती कंपनीत पत्रं टाइप करायला होती हो. मालकाची मर्जी, म्हणून कॅमेरा हाती आला."

मर्जी! माझ्या अंगाची लाही लाही झाली. कचेरीत हा शब्द मी जन्मभर ऐकलेला.

"पत्रं मीबी टाइप केल्यात, सर," मी म्हटलं. "तिचं काम किती हाय ते पुढच्या रविवारी मी सांगतो. अर्धा तास द्या."

सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाइलाजाने वेळ दिला. फक्त प्रमाण भाषेत बोला, 'सांगतो' नको, 'सांगते' म्हणा, असं सुचवलं. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मीही तसंच बोलणार, असं मी त्यांना सांगून टाकलं.

आणि पुढच्या रविवारी तसंच बोलले. कचेरीचं काम अडता कामा नये, या अटीवर मालकाने त्या पॅरिसच्या बाईला सिनेमा काढायची परवानगी दिली. कोबीच्या गड्ड्यांतून बाळं काढणारी परी तिने पडद्यावर आणली. पुढे शेकडो सिनेमे काढले, अमेरिकेत स्वतःचा स्टुडिओ उभारला. पुढे स्टुडिओ गेला, संसार मोडला, काम मिळेना. तिचे सिनेमे इतिहासात पुरुषांच्या नावावर चढले. म्हातारपणी ती आठवून आठवून आपल्या सिनेमांच्या याद्या करायची, हे माझे आहेत, अशी लोकांना पत्रं धाडायची.

"ती पत्रंबी तिनंच लिव्हली," मी म्हटलं. "कुणाच्या मर्जीनं न्हवं."

प्राध्यापक मधेच उठून गेले. सोसायटीच्या अंकात त्यांचं व्याख्यान छापून आलं, माझं नाही. मग मी माझं व्याख्यान टाइप केलं आणि आजऱ्याला काजू कारखान्यातल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. एकीने विचारलं, सिनेमे घावले का तिचे? मी म्हटलं, थोडे घावले, बाकीचे लोक अजून शोधताहेत.

"हुडका म्हणावं की," ती म्हणाली आणि डबा झाकून कामाला गेली.

सोसायटी मी सोडलेली नाही. दर रविवारी जाते. पहिल्या रांगेत बसते.